अँटिबायोटिक घेतलंच नाही, तरी कल्चर रिपोर्टमध्ये सगळीकडे 'आर' कसं?

तुम्ही लिहिलंय की आईंनी तीन वर्षांत अँटिबायोटिकची एक गोळी घेतलेली नाही, तरी लघवीच्या कल्चरला ई. कोलाय हा जंतू आला आणि निम्म्याहून जास्त औषधांपुढे आर, मग लॅबने सॅम्पल बदललं का. मी अकरा वर्षं कल्चरच्याच टेबलावर आहे, सॅम्पल कधीच बदलत नाही असं म्हणणार नाही, पण असा रिपोर्ट यायला तेवढी चूक लागत नाही, असे रोज निघतात.

आर म्हणजे रेझिस्टंट, पण रेझिस्टंट तो जंतू, आई नाहीत. आणि लघवीतला ई. कोलाय बहुतेक वेळा स्वतःच्याच आतड्यातून आलेला असतो.

आता आतड्यातल्या जंतूला हे कुणी शिकवलं? शेजाऱ्याने. बॅक्टेरियात मूळ डीएनए सोडून प्लास्मिड नावाचं डीएनएचं वेगळं छोटं कडं असू शकतं, त्यावर कधीकधी तीन-चार प्रकारच्या औषधांना पुरून उरणारी जनुकं एकत्र बसलेली असतात, दोन जंतू एकमेकांना चिकटले की एक त्याची कॉपी दुसऱ्याला देतो, आणि जात वेगळी असली तरी चालतं (आपल्यापेक्षा पुढारलेले). म्हणून एक औषध चालेना की बाकीची पण रांगेत आर.

2008 ची स्वीडनमधली केस बघा. भारतीय वंशाचा पेशंट, आधी दिल्लीत हॉस्पिटलमध्ये राहून गेलेला, लघवीत क्लेब्सिएला नावाचा जंतू निघाला आणि कार्बापेनेम गटातली अँटिबायोटिकसुद्धा चालेनात, जी आपण शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवतो. त्या जनुकाला एनडीएम-1 नाव पडलं, नावात नवी दिल्ली म्हणून आपल्याकडे केवढा गदारोळ! पण मला त्यातलं दुसरंच जास्त महत्त्वाचं वाटतं, त्याच माणसाच्या शौचातल्या ई. कोलायमध्ये पण तेच जनुक सापडलं. म्हणजे उडी बहुधा पोटातच मारली असणार.

मग बाहेरून पोटात कसं येतं? पाणी, खाणं, हात. 2011 साली छापून आलेल्या दिल्लीच्या तपासणीत साचलेल्या पाण्याच्या 171 पैकी 51 नमुन्यांत हे जनुक होतं, नळाच्या 50 पैकी 2 मध्ये. नेदरलँड्सच्या प्रवाशांवरचा 2017 चा अभ्यास तर आणखी बोलका आहे, जाताना ज्यांच्या पोटात ईएसबीएलवाले जंतू (ईएसबीएल म्हणजे पेनिसिलिन, सेफोटॅक्झिमसारखी अँटिबायोटिक तोडून टाकणारं एन्झाइम) नव्हते त्यातले दक्षिण आशियातून परतलेले चारातले तीन जण ते घेऊन आले. ते थोडे दिवस फिरायला येतात, आपण इथेच जेवतो.

तुमच्या रिपोर्टखाली 'ईएसबीएल' लिहिलंय का बघा. आम्ही जंतू वाढवायच्या प्लेटवर सेफोटॅक्झिमच्या डिस्कशेजारी (डिस्क म्हणजे औषध लावलेली कागदाची चकती) त्या एन्झाइमला अडवणाऱ्या क्लॅव्ह्युलॅनेटची डिस्क ठेवतो, असा जंतू असला की सेफोटॅक्झिमभोवतीचा, जंतू न वाढलेला मोकळा गोल त्या बाजूला फुगून कुलपाच्या भोकासारखा दिसतो. एकदा बघितलं की विसरत नाही.

घाबरू मात्र नका, अशा ई. कोलायवर नायट्रोफ्युरँटॉइन किंवा फॉस्फोमायसिन बरेचदा एस (सेन्सिटिव्ह, म्हणजे औषध चालतं) येतं, डॉक्टर किडनी बघून ठरवतील. आणि जळजळ, ताप काहीच नसेल तर नुसता रिपोर्ट बघून मेडिकलवाल्याकडून गोळ्या आणू नका, त्या गोळ्यांनी पोटातले साधे जंतू मरतात आणि हे प्लास्मिडवाले एकटे पसरतात. हे जंतू घेऊन परतलेल्या त्या डच प्रवाशांपैकी साधारण निम्म्यांच्या पोटातून हे जंतू महिनाभरात आपोआप गेले होते.