वाळल्या भाकरीची पिशवी

प्रश्न : बाई, नमस्कार. आई गेल्यापासून माझे वडील आमच्याकडे चिंचवडला असतात. आम्ही त्यांना दादा म्हणतो. 72 च्या दुष्काळात ते दहा वर्षांचे होते, जालना जिल्ह्यातल्या खेड्यात. उरलेल्या भाकऱ्या ते गॅलरीत वाळवतात आणि पिशवीत भरून पलंगाखाली ठेवतात. मुंग्या होतात. मागच्या आठवड्यात माझ्या मुलानं पिझ्झाच्या कडा कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. दादांनी सगळ्यांदेखत त्या काढून खाल्ल्या आणि "उपास घडला नाही म्हणून माजलाय," असं त्या अकरा वर्षांच्या पोराला म्हणाले. तेव्हापासून तो त्यांच्याशेजारी जेवायला बसत नाही. तुम्ही या सदरात एकदा लिहिलं होतं, की 72 नं तुम्हाला घडवलं. मग दादांचं असं का झालं? आणि मुलाला काय सांगू?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : आधी माझं ते वाक्य मागं घेते. निवृत्तीच्या सत्कारात असली वाक्यं शोभतात. तिथून ती सदरातही शिरतात आणि कुणी हटकत नाही. तुम्ही हटकलंत, बरं झालं.

मी तेव्हा नऊ वर्षांची. बीड जिल्ह्यात पाटोद्याकडं आमचं गाव. आधीची दोन वर्षंही पावसानं हात आखडलेलाच होता. 72 ला पेरलेलं वर आलंच नाही. विहिरीच्या तळाशी पाणी होतं, कणगीत दाणा नव्हता. वडील पुण्याला हमालीला गेले. मनिऑर्डर यायची तेव्हा यायची. घरात आई, आजी, मी आणि तीन वर्षांचा भाऊ. आई खडी फोडायच्या कामावर. बोटांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधलेल्या असायच्या, संध्याकाळी त्या सोडवताना ती आम्हाला बाहेर पाठवायची. रेशनला मिलो मिळायची, अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी तव्यावरून उतरली तोवर ठीक, गार झाली की चामडं. तीही पोटभर नाही. आई तरोट्याचा पाला उकडायची आणि वर मीठ टाकताना आमच्याकडं बघायची नाही.

कामावर सुकडी वाटायचे. पिवळसर, गोडसर, भरड पीठ. आजीला कामावर येणं होत नव्हतं, म्हणून आई आपल्या वाट्यातली मूठभर सुकडी फडक्यात बांधून माझ्याजवळ द्यायची. ओढा ओलांडला की घर. एक दिवस मी ओढ्यातच बसून ती खाल्ली. घरी येऊन सांगितलं, "आज वाटलीच नाही." दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी फडकं झटकून ओढ्याच्या पाण्यात धुतलंसुद्धा, वास राहू नये म्हणून. आजी 74 च्या उन्हाळ्यात गेली. तिला कळलं होतं की नाही, मला ठाऊक नाही.

आता सांगा, यातून काय घडलं? भुकेनं मला खोटं बोलायला शिकवलं, तेही सराईतासारखं. उपाशी पोर शहाणं होतं, काटक होतं, अन्नाची किंमत जाणतं, हे भरल्या पोटाचे लोक म्हणतात. आम्हीही पोट भरल्यावरच म्हणायला लागलो.

पण एक गोष्ट राहिली. कामावरचा कारकून. मुलांना मस्टरवर घेत नसत. आई मला घेऊन त्याच्यापुढं उभी राहिली. त्यानं माझ्याकडं वरून खालून बघितलं. मी हडकुळी, नाक वाहतंय. "किती वर्षांची?" आई म्हणाली, "चौदा." तो म्हणाला, "चौदा?" आणि चौदा लिहिलं. बास. तो काही देवमाणूस नव्हता. बायांच्या मजुरीतून तो पैसे कापतो, अशी बायांची ओरड होती आणि मला ती खरीच वाटते. पण त्या खोट्या आकड्यावर आमच्या घरात रोजचा एक रुपया जास्त आला.

73 च्या मे महिन्यात राज्यात जवळजवळ 50 लाख माणसं अशा दुष्काळी कामांवर होती. राज्याची लोकसंख्या तेव्हा पाच कोटींच्या आसपास. पुढं 1977 ला रोजगार हमीचा कायदा झाला, वि. स. पागे यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. हे सगळं मी डी.एड. करताना वाचलं. वाचताना डोळ्यांपुढं मात्र तो कारकूनच येत होता, कानावर पेन्सिल अडकवलेला.

मग मी मास्तरीण झाले, आमच्याच जिल्ह्यात. 1995 नंतर शाळेतल्या मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ सुरू झाला. अट होती 80 टक्के हजेरीची. आमच्याकडं दिवाळी झाली की निम्मा वर्ग आईबापाबरोबर उसाच्या फडावर. जी लेकरं आजीपाशी मागं राहत, ती शेरडं राखत नाहीतर आजीचं दुखणं काढत. एका मुलीची हजेरी दर महिन्याला सत्तरीत अडकायची. मी 80 पूर्ण करायची. दुसरी, तिसरी, चौथी, तिन्ही वर्षं. एकदा तपासणीत सापडले, लेखी खुलासा द्यावा लागला. खुलाशात "नजरचुकीने" असं लिहिलं. माझ्या नोकरीत मी केलेली सगळ्यात डोळस गोष्ट तीच होती.

तुम्ही अर्थ विचारलात, म्हणून हे सांगितलं. उपासात अर्थ नव्हता. चौदा लिहिण्यात होता. आणि तो सापडायला मला तीसेक वर्षं आणि महिन्याचा पगार लागला, हेही लिहून ठेवते.

आता दादा. त्यांना "असं" काही झालेलं नाही. त्यांच्या पलंगाखालची पिशवी म्हणजे तुमच्या कपाटातली विम्याची फाइल. ते झोपल्यावर ती गुपचूप फेकू नका. माझ्या धाकट्या जावेनं माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत हे केलं, तर म्हाताऱ्यानं उशीत भाकऱ्या शिवल्या! घट्ट झाकणाचा मोठा स्टीलचा डबा आणा आणि तो स्वयंपाकघरात, त्यांच्या हाताशी ठेवा. मुंग्यांचा प्रश्न तिथं मिटेल. आठवड्यातून एकदा त्यातल्या भाकऱ्यांचा कुस्करा करा. कांदा, मिरची, शेंगदाणे, वरून पाण्याचा हबका. दादांनाच करायला सांगा. नातवाला फोडणीजवळ उभं करा, बाकी काही सांगू नका.

आणि दादांनाही एक सांगायचंय. हे त्यांना वाचून दाखवा. दादा, तुम्ही माझ्याच वयाचे, म्हणून स्पष्ट बोलते. कचऱ्यातलं काढून खाल्लंत ते भुकेपोटी नव्हे, पोराला लाजवायला. आपल्याला त्या साली लाजवणारे कमी होते का? बहात्तरची काठी करून नातवाच्या पाठीत घालू नका. त्याला कधीतरी उपाशी झोपावं लागलं नाही, हीच तर आपली मिळकत. त्याला काही सांगायचंच असेल, तर तुम्ही त्या साली काय चोरून खाल्लंत ते सांगा. नाही खाल्लं असं म्हणू नका, मी विश्वास ठेवणार नाही.

मुलाला मात्र समजावत बसू नका. त्याला आजोबांची किळस आली, ती त्याच्या वयाला साजेशीच आहे. ताटात आधी एकच तुकडा वाढा, लागला तर तो मागेल.

प्रश्न : तुमच्या लेखांत कण्यांचा उल्लेख येतो. त्या कशा करायच्या? मुलांना एकदा "दुष्काळातली चव" दाखवायची आहे.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ज्वारी जाडसर भरडा, पीठ चाळून काढा, वर राहतात त्या कण्या. तासभर भिजवा. चौपट पाण्याला उकळी आणून मीठ घाला, कण्या सोडा आणि ढवळत मऊ शिजवा. आमच्याकडं पाणी आठपट असायचं, तेवढं नका घालू. ताक घालून छान लागतात. तूप घालावं का, असं विचाराल, तर घाला. आम्हाला मिळालं असतं तर आम्हीही घातलं असतं.