इंग्लंडमधले ‘डिपॉझिट’: अनामत कोणती आणि विसार कोणता

तुमचा प्रश्न असा की महिना १,३०० पौंड भाड्याच्या फ्लॅटसाठी एजंटने पाठवलेल्या ईमेलमध्ये ‘डिपॉझिट’ दोनदा आले आहे, एकदा ३०० पौंड आणि एकदा १,५०० पौंड. ही चूक आहे का, आणि दोन्ही रकमा परत मिळतात का?

चूक नाही. गोंधळ शब्दाचा आहे. मराठीत आपण डिपॉझिट म्हणतो ते अनामत या अर्थाने, म्हणजे जागा सोडताना परत मिळणारे पैसे. इंग्रजीत अनामतही डिपॉझिट आणि विसारही डिपॉझिटच. त्यामुळे नुसता शब्द वाचून काही कळत नाही, त्याच्या आधी कोणते विशेषण आहे ते बघावे लागते.

३०० पौंड हे ‘होल्डिंग डिपॉझिट’, म्हणजे विसार. तुमची कागदपत्रे तपासून होईपर्यंत घर दुसऱ्याला द्यायचे नाही, याचे हे पैसे. इंग्लंडमध्ये २०१९ च्या टेनंट फीज अ‍ॅक्टनुसार ते एका आठवड्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाहीत. वेगळी मुदत लेखी ठरली नसेल तर करार १५ दिवसांत व्हायला हवा. करार झाला की ही रक्कम बहुधा पहिल्या भाड्यात वळती करतात. घरमालकानेच माघार घेतली तर ७ दिवसांत परत द्यावी लागते. पण तुम्ही मन बदललेत, अर्जात पगार किंवा नोकरीबद्दल खोटी माहिती दिलीत किंवा ‘राइट टू रेंट’ तपासणीत, म्हणजे इंग्लंडमध्ये भाड्याने राहायचा तुम्हाला हक्क आहे का या तपासणीत, अडकलात, तर ती जाऊ शकते. म्हणून चार घरांना एकदम विसार देऊन ठेवू नका. व्हिसाची कागदपत्रे हाताशी नसतील तर एकालाही देऊ नका.

१,५०० पौंड हे ‘टेनन्सी डिपॉझिट’, आपली ओळखीची अनामत. वर्षाचे भाडे ५०,००० पौंडांच्या आत असेल तर तिची कमाल मर्यादा पाच आठवड्यांचे भाडे. इथे हिशेब हमखास चुकतो. महिन्याचे भाडे चाराने भागून आठवड्याचे काढायचे नसते. १,३०० गुणिले १२ म्हणजे १५,६००, त्याला ५२ ने भागले की ३०० येतात, आणि त्याचे पाचपट १,५००. चाराने भागणारा एजंट १,६२५ मागेल, म्हणजे १२५ पौंड जास्त. तुमचे आकडे बरोबर आहेत. (स्कॉटलंडचे नियम वेगळे, तिथे दोन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत घेता येते.)

ही रक्कम कायद्याने तुमचीच राहते. ती मिळाल्यापासून ३० दिवसांत घरमालकाने तीनपैकी एका मान्यताप्राप्त योजनेत ‘प्रोटेक्ट’ करायची असते: डिपॉझिट प्रोटेक्शन सर्व्हिस, मायडिपॉझिट्स किंवा टेनन्सी डिपॉझिट स्कीम. कोणत्या योजनेत आहे, कापायची कारणे कोणती, वाद कसा मांडायचा, ही माहितीही त्याच ३० दिवसांत तुम्हाला लेखी द्यायची असते. दिली नाही तर न्यायालय अनामतीच्या एक ते तीन पट दंड लावू शकते. घरमालकाच्या शब्दावर राहू नका, योजनेच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा.

मात्र तुम्ही घरमालकाच्याच घरात एक खोली घेऊन राहणार असाल, तर तुम्ही ‘टेनंट’ नाही, ‘लॉजर’. हे संरक्षण लॉजरला नाही. तिथे निदान लेखी पावती घ्या.

पैसे परत मिळतात की नाही, हे खरे तर पहिल्याच दिवशी ठरते. घरातल्या वस्तूंची आणि त्यांच्या अवस्थेची यादी, म्हणजे ‘इन्व्हेंटरी’, न वाचता सही करू नका. गालिच्यावरचा डाग, ओव्हनच्या आतला थर, खिडकीजवळची बुरशी, शॉवरवरचा चुनखडीचा पापुद्रा, सगळ्याचे तारखेसह फोटो काढून ईमेलने पाठवा. नेहमीच्या वापराने झालेल्या झिजेला ‘फेअर वेअर अँड टेअर’ म्हणतात, तिचे पैसे कापता येत नाहीत. अस्वच्छतेचे कापता येतात, आणि सर्वांत जास्त कटकट तिथेच होते. पण ‘व्यावसायिक सफाई करूनच घ्या’ अशी सक्ती करता येत नाही, घर घेतले तितके स्वच्छ परत द्यायचे. वाद झाला तर योजनेची फुकट तोडगा-सेवा पुराव्यावर निर्णय देते. कापणे योग्य आहे हे घरमालकाला दाखवावे लागते.

‘झिरो डिपॉझिट’ हा प्रकार ऐकायला गोड आहे, मला आवडत नाही. साधारण आठवडाभराच्या भाड्याइतकी फी भरायची, ती परत नाही, आणि नुकसानीची जबाबदारी तरीही तुमचीच.

‘रेंट इन अ‍ॅडव्हान्स’ म्हणजे डिपॉझिट नव्हे, ते आगाऊ भाडे.

पुढे घर विकत घ्यायला गेलात की हाच शब्द पुन्हा चकवतो. ‘वी आर सेव्हिंग फॉर अ डिपॉझिट’ याचा अर्थ घरकर्जाशिवाय स्वतःच्या खिशातून घालायची रक्कम जमवतोय. करारांची अदलाबदल होताना (‘एक्स्चेंज ऑफ कॉन्ट्रॅक्ट्स’, म्हणजे सौदा कायद्याने पक्का होताना) साधारण किमतीच्या १० टक्के भरतात, आणि त्यानंतर मागे फिरलात तर ती बुडते.

बँकेत उलटी गंमत. पैसे भरण्याला लोक ‘पे इन’ म्हणतात, आणि आपल्या फिक्स्ड डिपॉझिटला तिथे बहुधा ‘फिक्स्ड रेट बाँड’ म्हणतात. एफडी विचारलीत तर समोरचा गोंधळेल. निवडणुकीत मात्र अर्थ अगदी आपलाच: संसदेच्या उमेदवाराचे ५०० पौंड डिपॉझिट, पाच टक्के मते मिळाली नाहीत की जप्त.

बोलताना ‘पुट डाउन अ डिपॉझिट ऑन द फ्लॅट’ असे म्हणतात, ‘ऑन’ विसरू नका. एजंटला उत्तर देताना एवढे विचारा: ३०० पौंड कशात वळते होणार, आणि १,५०० कोणत्या योजनेत जाणार? दोन्ही उत्तरे लेखी आली की मगच पैसे पाठवा.