मंगळवारी मंत्रालय

“इतकं करतो, पण दाखवायला काहीच नाही. मग मी करतो ते काम तरी आहे का?” हा प्रश्न माझ्या समुपदेशनाच्या खोलीत फार वेळा येतो. घर सांभाळणाऱ्या बायका विचारतात, पीएचडीची मुलं विचारतात. पण एका गृहस्थांनी तो विचारला तेव्हा माझीच पंचाईत झाली, कारण त्यांचं काम काय हे मलाही धड कळेना. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि लिहिण्यापूर्वी त्यांना विचारलं आहे.

वय चाळिशीच्या आसपास, राहणार इंदिरानगर, शिक्षण वकिलीचं. लॅब टेक्निशियन, फिजिओथेरपिस्ट अशा, आरोग्यसेवेतल्या पण डॉक्टर नसलेल्या मंडळींची एक संघटना आहे, तिचं सरकारदरबारचं काम ते पगारावर बघतात. म्हणजे निवेदनं लिहायची, शिष्टमंडळं न्यायची, नियमांचा मसुदा आला की मुदतीत हरकती-सूचना द्यायच्या, अधिवेशनाआधी एखाद्या आमदारांना विषय समजावून सभागृहात तारांकित प्रश्न (मंत्र्यांनी तोंडी उत्तर द्यायचा) किंवा लक्षवेधी सूचना लागते का ते पाहायचं. आठवड्यातून एकदा तरी नाशिकरोडहून मुंबईला सकाळची पंचवटी एक्सप्रेस. दुपारी मंत्रालयाचा पास, मग या मजल्यावरून त्या मजल्यावर. बऱ्याचदा “साहेब मीटिंगमध्ये आहेत” एवढंच ऐकून परत कसारा घाट.

माझ्याकडे आले ते झोपेसाठी. सोमवारी रात्री तीनला जाग यायची, छातीत जळजळ. (रक्तदाब आधी तपासून घ्या म्हटलं. थोडा वाढलेला निघाला आणि त्याचं औषध सुरू झालं. हे सांगते, कारण दर जळजळीमागे मनच असतं असं नाही.)

निमित्त घडलं होतं एका बदलीचं. एका उपसचिवांना चौदा महिने विषय समजावला, त्यांना पटला, टिपणी तयार झाली आणि त्यांची बदली झाली. नवीन साहेबांनी पहिल्याच भेटीत विचारलं, “हा विषय नेमका काय आहे?” हे सांगताना गृहस्थांचा आवाज फुटला.

त्यात घरचे. मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहायचा होता. “बाबा, काय लिहू?” यांनी सांगितलं, “नोकरी लिही.” सासरे चारचौघांत म्हणाले, “म्हणजे दलालीच की.” भाऊ म्हणतो, लष्कराच्या भाकऱ्या भाजतोस.

माझी पहिली चूक इथेच झाली. मला ते सरळसरळ थकलेलं प्रकरण वाटलं. श्वासाचे व्यायाम दिले, रविवार मोकळा ठेवा म्हटलं. दोन आठवड्यांनी आले आणि शांतपणे म्हणाले, “मॅडम, गाडीत साडेतीन तास श्वासच मोजत असतो. रविवारी संघटनेचा व्हॉट्सॲप ग्रुप जास्त पेटतो.”

मग मी तो ग्रुप वाचून दाखवायला सांगितलं. ‘पगार कशाचा घेतात?’ ‘एक सही आणता येत नाही?’ एकाने तर लिहिलं होतं, फाईलवर थोडं वजन ठेवा, पळेल. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, हे यांनी वकिलीच्या भाषेत समजावलं, तर वर उत्तर आलं, ‘तुम्ही त्यांचेच झालात.’

मला वाटतं, झोप या वाक्याने उडाली होती, बदलीने नव्हे. मंत्रालयात हा माणूस संघटनेचा कटकट्या, संघटनेत सरकारचा माणूस. अडकित्त्यातली सुपारी. तिथे रागावता येत नाही, कारण पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच दारात उभं राहायचं असतं. इथेही रागावता येत नाही, कारण पगार इथूनच येतो. मग सगळं साठतं आणि सोमवारी रात्री वर येतं.

‘दलाल’ शब्दावर आम्ही एक अख्खा तास घालवला. अमेरिकेत लॉबिंग, म्हणजे कोणाची तरी बाजू सरकारदरबारी मांडायचं काम, करणाऱ्यांनी नोंदणी करायची, कोणासाठी करतो ते जाहीर करायचं, असा 1995 चा कायदा आहे. आपल्याकडे तसा कायदाच नाही. त्यामुळे उघडपणे निवेदन देणारा आणि पाकीट पोचवणारा, लोकांच्या नजरेत एकाच रांगेत उभे. सासऱ्यांचा राग मला फारसा अन्यायाचा वाटला नाही, त्यांनी आयुष्यभर दुसऱ्या प्रकारची माणसंच पाहिली असतील. मी एवढंच विचारलं, “तुम्ही साहेबांना दिलेला कागद सासऱ्यांना दाखवू शकाल?” म्हणाले, “कोणालाही. संघटनेच्या सूचना फलकावर लावलेला असतो.” आणि स्वतःच थांबले.

पुढच्या खेपेला विचारलं, तुमच्या क्षेत्रात शेवटचं मोठं काम झालं, त्याला किती दिवस लागले? ते बोटांवर मोजू लागले. या व्यवसायांसाठी केंद्रीय परिषदा नेमण्याचं विधेयक 2007 साली लोकसभेत आलं. लोकसभेची मुदत संपली, विधेयकही संपलं. 2018 च्या अगदी शेवटी दुसरं आलं, राज्यसभेत. ते समितीकडे गेलं, मागे घेतलं, नव्याने मांडलं. मार्च 2021 मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं.

“चौदा वर्षं,” ते म्हणाले.

“त्यातल्या मधल्या एखाद्या वर्षी, समजा 2012 मध्ये, खेपा घालणाऱ्या माणसाने घरी काय सांगितलं असेल?”

बराच वेळ ते गप्प बसले. मग म्हणाले, “नोकरी लिही, असंच सांगितलं असेल.” आणि पहिल्यांदा हसले.

त्यानंतर दोनच गोष्टी केल्या, आणि दोन्ही त्यांच्याच डोक्यातून निघाल्या. सदस्यांना वाटतं फाईल म्हणजे एक सही. म्हणून दर महिन्याला एक पानी टिपण पाठवायचं: फाईल आता कोणत्या टेबलावर आहे. कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सचिव, मग मंत्री. पैशाचा मुद्दा असला की वित्त विभागाचा फेरा, शब्दांचा असला की विधी व न्यायचा. पहिल्या टिपणानंतर ग्रुपवर एकाने विचारलं, “एवढे टप्पे असतात?” शिवी नव्हती, प्रश्न होता. रात्री नऊनंतर मात्र ग्रुपला उत्तर नाही. हे पाळायला त्यांना दोन महिने लागले आणि अध्यक्षांशी एकदा वाजलंही.

दुसरी गोष्ट रोजनिशीची. काम ‘झालं की नाही’ हे लिहायचं नाही. आज कोणाला काय नव्याने कळलं, तेवढी एक ओळ. एका ओळीत होतं: ‘कक्ष अधिकाऱ्यांना पहिल्यांदा कळलं की तालुक्याच्या गावात रात्रीची लॅब एकच माणूस चालवतो.’ जीआर, म्हणजे शासन निर्णय, नव्हता तो. पण उद्या ते साहेब टिपणी लिहितील तेव्हा हे त्यांच्या डोक्यात असेल. बदली झाली तर? “तर ते दुसऱ्या विभागात घेऊन जातील,” ते म्हणाले. मला हे थोडं भाबडं वाटलं, पण मी टोकलं नाही.

सगळं सुरळीत झालं असं नाही. अधूनमधून सोमवारी जाग येते. जिल्ह्यात तर सध्या कोणाला भेटायला गेलं की साहेब सिंहस्थाच्या बैठकीत. शासन निर्णय अजून निघालेला नाही. सासऱ्यांना त्यांनी एकदा निवेदनाची प्रत वाचायला दिली. त्यांनी शुद्धलेखनाच्या तीन चुका काढून परत केली, आणि तेव्हापासून प्रत्येक निवेदन आधी त्यांच्या टेबलावर जातं.

परवा फोन आला. नवीन साहेबांचीही बदली झाली होती.

“मग?” मी जरा भीतभीतच विचारलं.

“मग काय, पुन्हा ‘हा विषय नेमका काय आहे’पासून. या वेळी मात्र दोन पानांत बसवलाय.” मागे मुलगी काहीतरी ओरडत होती. “मॅडम, आपली वेळ तेवढी बदला. मंगळवार नको, मंगळवारी मंत्रालय आहे.”