साताऱ्याजवळच्या डोंगरवाटांसाठी स्पोर्ट एटीव्ही घ्यावी की युटिलिटी?

एटीव्ही म्हणजे खडबडीत वाटांवर चालणारी, हँडलने वळवायची चार जाड चाकांची गाडी; स्पोर्ट प्रकार वेगासाठी, युटिलिटी कामासाठी. शर्यत नव्हे, नुसतं भटकायचं असेल, तर माझं मत सरळ युटिलिटीला.

जावळी-पाटणकडचे चढ, पावसाळ्यातला चिखल, ओढ्यातले दगडगोटे इथे फोर-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद) आणि चढासाठी जास्त ओढ देणारा लो गिअर लागतोच. स्पोर्टमध्ये ताकद फक्त मागच्या चाकांना जाते, गिअर-क्लच सतत सांभाळावा लागतो आणि मागची दोन्ही चाकं एकाच सलग दांड्यावर (अॅक्सलवर) असल्याने खडकाळ वाटेवर कंबर बोलायला लागते. युटिलिटी बहुधा ऑटोमॅटिक असते, पुढे-मागे सामानाचे रॅक असतात, शेतावर खताची पोतीही नेता येतात. वजन मात्र ३०० किलोच्या आसपास किंवा जास्तच. आडव्या उतारावर ती कलंडली तर अंगावर येते, त्यामुळे तिथे घाई नको, आणि हेल्मेट हवंच.

माण-खटावच्या मोकळ्या माळावर वेगाने वळणं घ्यायची असतील तर स्पोर्टची मजा वेगळी, हे मान्य.

रस्त्यावर चालवण्यासाठी नोंदणी होते का, हे पैसे देण्याआधी आरटीओत विचारा. नाहीतर दरवेळी पिकअपमधून न्यावी लागेल. आणि कृपा करून कास पठारावर किंवा कोयनेच्या अभयारण्यात चाक घालू नका. कासची फुलं अगदी पातळ मातीत उगवतात.