तोस्का आत्ता नको

प्रिय बाळा,

तुझा व्हिडिओ काल रात्री तीनदा पाहिला. पहिल्यांदा डोळे मिटून नुसता ऐकला. दुसऱ्यांदा आवाज बंद करून फक्त तुझी हनुवटी आणि मान बघत राहिले. तिसऱ्यांदा नोटेशन मांडीवर घेतलं. पुचिनीच्या ‘तोस्का’ या ऑपेरामधली ती प्रार्थना तू जीव ओतून गायली आहेस. सुरुवातीचे हळुवार स्वर इतके नितळ लागलेत, की थोडा वेळ मी आपल्या विद्यार्थिनीचं गाणं तपासते आहे हेच विसरले. पण शेवटाकडे आवाज वरच्या काळी पाचवर चढतो, तिथे तुझी हनुवटी पुढे आली, मानेची शीर फुगली, आणि त्या एका स्वरावर सगळा श्वास संपला. तिथून खाली उतरताना आवाज थरथरला. समोर बसलेल्यांना ती थरथर भावनेची वाटली असेल. ती दमलेल्या स्नायूंची होती.

स्पर्धेत हेच म्हणू का, असं तू विचारलंस. नको. आत्ता नको. ‘लहान आहेस’ एवढंच सांगून तुला गप्प करायचं नाही मला, म्हणून हे लांबलचक पत्र.

ऑपेरा गायिका मिरेल्ला फ्रेनीचं नाव तू माझ्याकडून शंभरदा ऐकलं असशील, पण तिची हकिगत मी तुला कधी सलग सांगितली नाही. 1935 साली इटलीतल्या मोदेना गावात जन्मली. त्याच गावात, त्याच वर्षी पुढे जगभर गाजलेला टेनॉर (उंच पट्टीचा पुरुष गायक) पावारोत्ती जन्मला. दोघांच्या आया एकाच तंबाखूच्या कारखान्यात कामाला जायच्या आणि दोन्ही बाळांना एकच दाई दूध पाजायची. घरात पैसा नव्हता, गळा मात्र होता. शाळकरी वयात तिने एका रेडिओ स्पर्धेत ‘मादाम बटरफ्लाय’मधलं सर्वांत प्रसिद्ध गाणं म्हटलं. बेन्यामिनो जिली हा त्या काळचा फार मोठा टेनॉर. त्याने तिला सांगितलं, गाणं थांबव, मोठी झालीस की पुन्हा सुरू कर, नाहीतर आवाज हातचा जाईल. आणि ती थांबली! सतराव्या वर्षी पुन्हा शिकायला लागली. एवढं कौतुक होत असताना गप्प बसणं त्या वयात किती जड गेलं असेल, हे तुझ्याइतकं दुसरं कोण समजेल?

1955 मध्ये मोदेनाच्याच थिएटरात ती ‘कार्मेन’मधली मिकाएला म्हणून पहिल्यांदा उभी राहिली. लगेच लग्न, मुलगी, आणि पुन्हा थांबणं. 1957 मध्ये व्हेर्चेल्लीची स्पर्धा जिंकून ती परतली. त्यानंतर काय गायली बघ: 1960 मध्ये इंग्लंडमधल्या ग्लाइंडबोर्नच्या ऑपेरा महोत्सवात मोझार्टची झेर्लिना, 1961 मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनला ‘फाल्स्टाफ’मधली नानेत्ता, मग पुन्हा ग्लाइंडबोर्नला सुझाना आणि अदीना. सगळ्या हलक्या, तरुण मुलींच्या भूमिका. 1963 मध्ये मिलानच्या ला स्काला या ऑपेरागृहात संगीत-संचालक (कंडक्टर) कारायान यांच्या हाताखाली ‘ला बोहेम’ची मिमी केली आणि युरोपभर नाव झालं.

आणि पुढच्याच वर्षी, 1964 मध्ये, त्याच ला स्कालात ‘ला त्राव्हियाता’त प्रेक्षकांनी तिची हुर्यो उडवली. तिथल्या लोकांच्या कानात अजून मारिया कालास या थोर गायिकेची व्हायोलेत्ता, म्हणजे त्या ऑपेराची नायिका, होती. त्या रात्री ती मुक्कामी जाऊन रडली असेल की नाही, मला माहीत नाही. सप्टेंबर 1965 मध्ये ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरामध्ये मिमी म्हणून उभी राहिली, एवढं मात्र ठाऊक आहे. ला स्कालात काही सिद्ध करून दाखवायला अंगाबाहेरची भूमिका मागत बसली नाही. जी भूमिका गळ्यात बसली होती, तीच घेऊन पुढच्या दारात गेली.

खरी गोष्ट पुढे आहे. कारायान यांनी तिला हळूहळू जड भूमिकांकडे नेलं: 1970 मध्ये साल्झबुर्गला देस्देमोना, मग ‘डॉन कार्लो’मधली एलिझाबेता, 1979 मध्ये आयडा. प्रत्येक पायरीला काही वर्षं गेली. पण त्यांनी पुचिनीच्या टुरांडॉटच्या भूमिकेसाठी विचारलं, तेव्हा ती नाही म्हणाली. त्या काळात कारायान यांना नाही म्हणणं म्हणजे काय, याची तुला कल्पना यायची नाही. टुरांडॉट ही बिर्गिट निल्सनसारख्या पोलादी गळ्याची भूमिका, आणि आपला गळा पोलादी नाही हे फ्रेनीला पक्कं ठाऊक होतं. लहानपणी जिच्या गाण्याने नाव झालं, ती बटरफ्लाय तिने रेकॉर्ड केली, तिच्यावरच्या चित्रपटात कामही केलं. रंगमंचावर मात्र एकदाही उभी केली नाही. आणि तुझी तोस्का? ती तिने पावारोत्तीबरोबर 1978 मध्ये रेकॉर्ड केली, स्टुडिओत, माइकसमोर, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. तू तेवीस वर्षांची आहेस.

आता तुझ्या गळ्याबद्दल. तू म्हणशील, मावशी, तो स्वर तर मला लागतो. लागतो, कबूल. मोझार्टच्या सुझानाचं बागेतलं गाणं तू मागच्या वर्षी बसवलंस, त्यात तू वरच्या पांढरी सहापर्यंत जातेस. काळी पाच तिच्याहून फक्त अर्धा स्वर वर. मग तिथे तुझी हनुवटी जागची हलत नाही आणि इथे शीर फुगते, असं का? उंचीचा प्रश्नच नाही, वजनाचा आहे. सुझानाच्या पाठीमागे मोझार्टने छेडलेल्या तारा आणि दोन-तीन फुंकवाद्यं ठेवली आहेत. आवाज त्यांच्या अंगावरून अलगद निघून जातो. पुचिनीचा ऑर्केस्ट्रा भरलेला, आणि गायिका त्या प्रार्थनेपर्यंत येते ती अख्ख्या अंकात खलनायक स्कार्पियाशी झुंजून. तू पियानोवर, घरच्या खोलीत, ताज्या दमाने गायलीस आणि तरीही दमलीस.

आपल्याकडे संगीत नाटकात बालगंधर्वांच्या पाठीमागे ऑर्गन आणि तबला असे. इथे साठ-सत्तर वाद्यांच्या पलीकडे, माइकशिवाय, शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचं. मेट्रोपॉलिटनमध्ये तर जवळपास 3,800 खुर्च्या. हे जोर लावून होत नाही. ऑर्केस्ट्राचा सगळ्यात मोठा जोर साधारण 500 हर्ट्झच्या आसपास असतो. तयार गळ्यात 3,000 हर्ट्झच्या आसपास एक चकाकी येते, आणि तिथे वाद्यांची गर्दी कमी असल्यामुळे आवाज त्या फटीतून बाहेर पडतो. ही चकाकी घसा मोकळा असला तरच येते. तू जोर लावतेस तेव्हा घसा आवळतो आणि नेमकी तीच चकाकी जाते. तुला स्वतःला आवाज मोठा वाटतो, पाचव्या रांगेत तो लहान झालेला असतो. आणि त्या काळी पाचवर तुझे इवलेसे स्वरतंतू सेकंदाला नऊशेहून अधिक वेळा एकमेकांवर आपटत असतात. तेही आवळलेल्या घशात.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. सव्विसाव्या वर्षी मी एका कार्यक्रमात गळ्याला न झेपणारं गायले. शिकवणाऱ्यांचा आग्रह होता, आणि खरं सांगायचं तर मलाही टाळ्या हव्या होत्या. दोन महिन्यांत मधल्या सप्तकात, अगदी सोप्या जागी, आवाजाऐवजी नुसती हवा यायला लागली. डॉक्टरांनी दुर्बिणीतून दाखवलं: दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर ज्वारीच्या दाण्यासारखे दोन टिपके. सहा आठवडे मी पाटी-पेन्सिल घेऊन घरात वावरले. आईला हाक मारायची तर टाळी वाजवायची. नंतर बोलण्याचे धडे, मग ओठ थरथरवण्याचे, मग पाच स्वर. आवाज परत आला, पण वरचे अलगद, हलके स्वर पूर्वीसारखे कधीच लागले नाहीत. तुला शिकवताना ते स्वर मी पियानोवर दाखवते, गाऊन दाखवत नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

नकाराची किंमत असते, तेही सांगते. फ्रेनीचा पहिला नवरा, लेओने माजेरा, स्वतः पियानोवादक. ऐकणारा कान तिच्या घरातच होता. तुझ्या घरात तो नाही, वर भाड्याचा प्रश्न आहे. आपल्याकडे ऑपेराचं काम इतकं थोडं, की मिळालेलं सोडवत नाही. मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस 2016 मध्ये पुन्हा उघडलं ते आपल्या मुंबईतच जन्मलेल्या पॅट्रिशिया रोझारिओच्या गाण्याने. त्या रात्री तुझ्या वयाच्या कितीजणींनी स्वप्नं पाहिली असतील! म्हणून कामं सोड असं मी म्हणत नाही. कॉयरमध्ये गा, मुलांना शिकव, लग्नात ‘आवे मारिया’ म्हण आणि चांगले पैसे घे. कुठलंही काम घेताना एकच तपास: दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर हळू आवाजात, ओठ मिटून, वरचे स्वर लागतात का? लागले तर ते काम तुझ्या गळ्याचं. नाही लागले तर कितीही टाळ्या पडलेल्या असोत, ते पुन्हा घ्यायचं नाही.

फ्रेनी शेवटची ऑपेरात उभी राहिली ती 11 एप्रिल 2005 ला, वॉशिंग्टनमध्ये. चायकोव्हस्कीच्या ऑपेरातली जोन ऑफ आर्क, विशीही न गाठलेली पोरगी, आणि तीही रशियन भाषेत. फ्रेनी तेव्हा सत्तर वर्षांची होती.

स्पर्धेच्या अर्जात सुझाना लिही. नंतर ‘फाल्स्टाफ’मधलं नानेत्ताचं परीचं गाणं बघू, त्यातला लांब श्वास तुला आवडेल. शनिवारी चारला ये. त्या दिवशी सकाळपासून कुजबुजत बोलू नकोस, त्याने घसा जास्त कोरडा पडतो. आणि येताना छोटा आरसा आण. पियानोवर उभा करून ठेवू, तुझी हनुवटी तुलाच दिसायला हवी.

तुझी,
मावशी