सोबत म्हणून पाठवलं, आता बोलंनात

"एका ताटात जेवणाऱ्या पोरी, मॅडम. आता एका खोलीत राहून तोंड बघंनात एकमेकींचं."

माणसं बदलतात, तक्रार हीच असते. कधी चुलतभाऊ असतात, कधी मावसबहिणी, कधी मामे-आतेभावंडं. परभणी, हिंगोली, बीड, जालन्याकडची मुलं शिकायला छत्रपती संभाजीनगरात येतात. नात्यातलं कुणी इथं असलं तर घरचे त्याच्याच खोलीत दुसऱ्याची कॉट टाकतात. जूनमध्ये हे सगळ्यांना सोयीचं वाटतं. दिवाळीला दोघं वेगवेगळ्या गाडीनं घरी उतरली की मग कुठं घरच्यांच्या लक्षात येतं. समुपदेशक म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, चूक कुणाची? मी त्याचं उत्तर देत नाही. उलट विचारते, "थोरलीला दिवसातून किती फोन करता? आणि त्यात धाकटीबद्दल किती विचारता?"

ज्या दोघींबद्दल लिहिते आहे त्यांची नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. ऋतुजा २२ वर्षांची, एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. साक्षी १९ ची, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. घर परभणीच्या सेलू तालुक्यातलं, एकत्र. थोरला भाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, त्याची मुलगी ऋतुजा. धाकटा दहा एकर बघतो, त्याची साक्षी. २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झालं, त्यामुळे साक्षीला पाठवायचं ठरवणं सोपं गेलं. खोली, मेस आणि येण्याजाण्याचा खर्च मात्र घरालाच होता. म्हणून दोघी एकत्र.

ठिणगी पडली ती म्हैसमाळच्या फोटोवरून. साक्षी वर्गातल्या मुलामुलींबरोबर मोटारसायकलवर गेली होती, दुपारी तीनला परतही आली. कुणाच्या तरी स्टेटसवर ऋतुजाला फोटो दिसला. संध्याकाळी काकूंचा, म्हणजे साक्षीच्या आईचा, नेहमीचा फोन आला, तेव्हा तिनं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं साक्षीचे वडील हजर. "बॅग भर, शिक्षण बस झालं." ते कसंबसं निभावलं, पण त्या दिवसापासून खोलीत अबोला.

ऋतुजा एकटी भेटली तेव्हा चिडलेली होती. "नाही सांगितलं तर काकू म्हणतात, मोठी असून लक्ष नाही. सांगितलं तर ही म्हणते चुगली केली. आणि उद्या हिचं काही झालं, तर माझ्या स्थळाला सांगायला माणसं तयारच आहेत." शेवटचं वाक्य ती खालच्या आवाजात बोलली. घरात ते कुणी उघड म्हणत नाही, पण थोरल्या मुलीला ते बरोबर कळलेलं असतं. तिच्या पहाऱ्यात काळजी असते तशी भीतीही असते, आणि ती भीती खोटी नाही.

साक्षीचं म्हणणं तीनच वाक्यांत आटोपलं. "ताई खोलीत आली की मी फोन पालथा ठेवते. मला बहीण पाहिजे होती. ठाणेदार मिळाली."

दोघींना समोरासमोर बसवलं तर पहिलं भांडण पैशांवरून. "भाडं आमचे पप्पा भरतात." "आणि दहा एकर कोण करतं? तुम्ही खाता ते गहू-ज्वारी, तुरीची डाळ कुठून येती?" मी कागद पुढे केला. भाडं ५,५००, लाइटबिल साधारण ६००, दोघींची मेस ६,०००. महिन्याचे १२,१०० शिक्षकाच्या पगारातून जात होते. दुसऱ्या बाजूला वर्षाचं धान्य, सोयाबीन-कापसाचा घरखर्चात गेलेला पैसा आणि एका माणसाची वर्षभराची मेहनत, जिचा आकडा त्या घरात कुणी कधी मांडलेला नाही. दोघी हिरिरीनं बेरीज करायला लागल्या, तेव्हा मी पेन काढून घेतला. हा हिशेब दोन बहिणींचा नव्हताच. दोन भावांमध्ये न बोललेला हिशेब दोन पोरी साडेपाच हजारांच्या खोलीत भांडत होत्या.

मराठवाड्यातल्या नोकरी-शेती अशा वाटणीच्या घरांत हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता पैशाचा विषय निघाला की मी आधी वडिलांच्या पिढीकडे बघते. उपाय अगदी साधा आहे. घरचं खातं एक असलं तरी महिन्याच्या ठरलेल्या तारखेला दोन्ही मुलींच्या खात्यावर सारखी रक्कम पडली पाहिजे, आणि ती घरची म्हणून, अमुक काकांची म्हणून नव्हे. भाड्याचा आपापला अर्धा वाटा दोघींनी स्वतः घरमालकाला पाठवायचा. डिपॉझिट अर्धं-अर्धं, भाडेकरारावर दोघींची नावं. गॅस, कुकर, कूलर कुणी आणला ते एका कागदावर. एवढं केलं की "आमच्या पैशावर" हे वाक्य तोंडात यायला जागा उरत नाही. या घरात त्यासाठी दोन्ही भावांना अर्धा तास एकत्र बसवावं लागलं, आणि तो अर्धा तास मुलींच्या सगळ्या भेटींपेक्षा जड गेला.

पैशाचं सुटलं तरी अबोला कायम होता. मग मी ऋतुजाला मागच्या सोमवारपासून रविवारपर्यंतची कॉलची यादी उघडायला सांगितली. वाचायला मात्र फोन साक्षीच्या हातात दिला.

ती वाचायला लागली. "काकू. काकू. आण्णा काका. काकू. मम्मी. काकू. काकू." पहिल्यांदा आवाजात टोमणा होता. बुधवारपर्यंत येता येता तो गेला. आठवड्यात साक्षीच्या आईवडिलांचे ऋतुजाला २७ फोन, ऋतुजाच्या स्वतःच्या आईचे ५. मग साक्षीनं न सांगता आपला फोन काढला. तिच्या आईचे तिला ४.

यादी तिनं अंगठ्यानं पुन्हा वर सरकवली, पुन्हा खाली आणली. "मही आई मला चारदा करती, अन् तुला दोघांचे सत्तावीस?"

ऋतुजा खिडकीकडे बघत म्हणाली, "त्यातल्या एकाबी फोनमध्ये कुणी विचारलं नाही, तू जेवलीस का."

अशा वेळी समुपदेशकाला काहीतरी शहाणपणाचं बोलायची फार सुरसुरी येते. ती दाबणं हे या कामातलं निम्मं कौशल्य आहे, आणि वर्षानुवर्षांच्या सरावानंच ते येतं. मी गप्प राहिले. बऱ्याच वेळानं साक्षी बोलली. "ताई, महे दोन विषय राहिलेत. एम-थ्री, ते गणिताचं, आणि अजून एक. निकाल लागला तेव्हा तुलाच पहिल्यांदा सांगायचं होतं. पण संध्याकाळपर्यंत गावात गेलं असतं."

ऋतुजा त्याच खोलीत झोपत होती. दीड महिना तिला हे माहीत नव्हतं. रोज चार-चार फोनवर खबर देणाऱ्या मुलीला खबर घेण्यासारखी एकमेव गोष्ट कळली नव्हती! पहारा बसवल्यावर हेच होतं. फोटो कळतात, संकट कळत नाही.

मरे बोवेन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी घराकडे बघायची जी नजर दिली, ती आपल्या एकत्र कुटुंबांना किती चपखल बसते याचं मला दर वेळी नवल वाटतं. दोन माणसांतला ताण सोसेनासा झाला की तिसऱ्याला मध्ये ओढलं जातं, असं ते मांडतात. इथं ताण होता साक्षी आणि तिच्या आईत. मुलगी फोनवर "हं", "ठीके", "क्लास आहे" याच्या पुढं जात नाही. पुतणी मात्र तपशीलवार सांगते. आईचा जीव तिथं निवतो. म्हणजे काकू वाईट नाहीत, त्या सोपा रस्ता धरतात. त्यांची काळजी मात्र २२ वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर जाते, आणि ती तिला पेलायची नसते.

म्हणून या घराला पहिला नियम दिला, ज्याच्या त्याच्या लेकराला ज्यानं त्यानं फोन करायचा. रात्री साडेआठनंतर, मेस झाल्यावर, ठरलेल्या वेळी. "कुठंयस" या प्रश्नानं सुरुवात नको, कारण त्याला मुलं जागेचं नाव सांगून मोकळी होतात. "आज प्रॅक्टिकलला काय केलं", "मेसला भाजी काय होती" असं एक नेमकं विचारा आणि उत्तर आलं की थांबा. लगेच दुसरा प्रश्न टाकला की चौकशी सुरू झाली हे मुलांना आवाजावरून कळतं. पहिले आठ-दहा फोन दीड-दोन मिनिटांत संपतील. संपू द्यावेत. फोन उचलला नाही तर दोन तास थांबा. त्यानंतर घरमालक, मेसवाल्या काकू, एखादी वर्गमैत्रीण असे दोन-तीन नंबर तुमच्याकडे असावेत. चुलत बहीण त्या यादीत शेवटची.

हे ठरल्यावर काय बिघडतं तेही सांगते, कारण ते ठरलेलंच असतं. काकूंनी चौथ्या दिवशी मोठ्या जाऊबाईंच्या फोनवरून ऋतुजाला लावला. "सहजच गं, साक्षी जेवली का?" यासाठी ऋतुजाकडून एकच वाक्य पाठ करून घेतलं होतं, "काकू, ती खोलीवरच आहे, तिलाच लावा." कारण द्यायचं नाही, समुपदेशनाचं नाव काढायचं नाही, आवाज चढवायचा नाही. पंधरा दिवस काकू रुसल्या. त्या रुसव्याला घाबरून थोरली परत बोलायला लागली तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

मग काहीच सांगायचं नाही का? तसं नाही. चार गोष्टी दोघींनी आधीच लिहून ठेवल्या, त्या घडल्या तर घरी कळवायचंच. रात्री परत आली नाही आणि फोन बंद आहे. दवाखान्यात दाखल करावं लागलं, किंवा ताप दोन दिवसांत उतरला नाही. कुणी फोटोवरून, पैशांवरून धमकावतंय. तिथं सायबर तक्रारीसाठी १९३० हा नंबरही लगेच लावायचा. आणि जगण्याला कंटाळल्याची भाषा. त्यासाठी टेली मानसचा १४४१६ चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. या चारही वेळी आधी तिला तोंडावर सांगायचं, "मी हे घरी सांगणार आहे", आणि मगच फोन. मार्क, मित्र, कपडे, दिवसाढवळ्याची सहल यातलं काहीही या यादीत येत नाही. ज्या घरांना हे पटत नाही त्यांच्याशी मी वाद घालत नाही. मुलं अठरा ओलांडलेली आहेत एवढी आठवण देते.

प्रवासाचंही असंच. "दोघींनी सोबतच यायचं" या हट्टापायी एकीचं सबमिशन बुडतं किंवा दुसरी दोन दिवस आधी सुट्टी घेते, आणि राग तिसरीकडेच निघतो. सेलूसाठी इथून दिवसा रेल्वे आहे, एसटीत महिलांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. जिला जेव्हा जमेल तेव्हा तिनं यावं. गाडी कोणती आणि उतरायची वेळ काय एवढं आपापल्या आईला कळवावं. महालक्ष्म्यांना मात्र दोघी आपण होऊन एकाच गाडीनं गेल्या असं नंतर कळलं.

राहिलेल्या विषयांचं साक्षीनं स्वतःच घरी सांगितलं. नुसतं "नापास झाले" नव्हे. पुढची परीक्षा कधी, अर्ज कधी भरायचा, रोज कोणत्या वेळी त्या विषयाला बसणार, हे कागदावर घेऊन. वडील दोन दिवस बोलले नाहीत. ऋतुजाला एम-थ्री येत नाही, पण रात्री दहा ते बारा ती आपलं पुस्तक घेऊन समोर बसायची. साक्षीचा एक विषय निघाला, एक राहिला.

पुढच्या जूनमध्ये दोघी वेगळ्या झाल्या. साक्षी वसतिगृहात, ऋतुजा वर्गमैत्रिणीबरोबर. काकूंनी मला फोन करून विचारलं, "मॅडम, शेवटी तुटल्याच ना?" मी म्हटलं, त्यांना एका खोलीत ठेवणं हे माझं काम कधीच नव्हतं. काकूंना ते पूर्ण पटलेलं नाही.

मुलांच्या बाबतीत थोडं वेगळं दिसतं. चुलतभाऊ एकमेकांच्या चुगल्या कमी करतात, पण उसने पैसे, मोटारसायकलचं पेट्रोल आणि स्पर्धा परीक्षेतलं यशापयश यावरून तुटतात, आणि अबोला वर्षानुवर्षं चालतो. एक तलाठी झाला आणि दुसरा अजून अभ्यासिकेतच आहे, तर त्या दोघांना एका खोलीत ठेवूच नये.

ज्यांना येत्या जूनमध्ये ठरवायचं आहे त्यांनी अकरा महिन्यांचा करार करण्याआधी दोघांना विचारावं, आणि एकेकट्याला, बैठकीत सगळ्यांसमोर नव्हे. तिथं "हो" शिवाय दुसरं उत्तर येत नाही. झोपायची वेळ काय, अभ्यास आवाजात चालतो की शांततेत, खोलीवर मित्र-मैत्रिणी आलेल्या चालतील का, स्वयंपाक करणार की मेस, आणि शेवटी, याच्याबरोबर राहायचं आहे का? कुणी एक जरी घुटमळलं तर एकाच इमारतीत दोन खोल्या बघा. महिन्याला दोन-अडीच हजार जास्त जातील, ते आधीच धरून चाला.