प्रश्न मॅडमचा, उत्तर तुझं

प्रिय,

आदल्या संध्याकाळी तुझ्या थिसिसच्या तिसऱ्या प्रकरणावर बोलत बसलेल्या तुझ्या गाइड मॅडम सकाळी नाहीत, हे पचायला वेळ लागणारच. त्यावर मी तुला काही समजावणार नाही. पण ‘त्यांनी पाहिलेल्या मजकुरातलं एक अक्षरही आता बदलणार नाही’ हे तुझं वाक्य वाचून मला राग आला. खरंच आला.

मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन तू परीक्षेपुरता वाचलायस. वर्तन व्यक्ती आणि परिस्थिती दोन्हींवर ठरतं, हे सूत्र लिहून मार्कही घेतले असशील. हा माणूस 12 फेब्रुवारी 1947 ला हृदयविकाराने अचानक गेला. वय 56. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातलं त्याचं समूह-संशोधनाचं केंद्र नुकतं कुठे उभं राहत होतं. मागे राहिलेली मुलं तुझ्यासारखीच, थिसिस अर्धवट असलेली. पुढच्या वर्षी केंद्रच मिशिगनला हललं.

त्यांतला एक मॉर्टन डॉइच. युद्धात विमानदलात होता. हिरोशिमानंतर त्याला एकाच गोष्टीने पछाडलं: सुरक्षा परिषदेतली राष्ट्रं सहकार्य करतील की एकमेकांवर कुरघोडी? एवढा अवाढव्य प्रश्न त्याने एमआयटीतल्या विद्यार्थ्यांच्या छोट्या गटांवर आणला. काही गटांत सगळ्यांना सारखेच गुण, काही गटांत आपसातच क्रमवारी. सहकार्याच्या गटांत एकाचं बोलणं दुसऱ्यापर्यंत नीट पोचत होतं, कामही सरस होत होतं. 1948 मध्ये त्याची पीएचडी झाली. गट बनतो तो माणसं एकमेकांवर अवलंबून असतात म्हणून, हा धागा लेविनचा. प्रयोग डॉइचचा. माणूस आणि त्याची परिस्थिती दाखवायला लेविन काढायचा त्या अंडाकृती आकृत्या तर त्याच्या बहुतेक शिष्यांनी सोडूनच दिल्या. कुणी म्हणेल का, त्यांनी गुरूला टाकलं? प्रश्न त्याचा ठेवला, उत्तर आपलं शोधलं.

माझे सर गेले तेव्हा शोकसभेत मी बोललो नाही. डिपार्टमेंटमध्ये बसून प्रश्नावल्या तपासत होतो. कोरडा म्हणाले मला. पुढे सरांची ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ ही मोजपट्टीही मी काढून टाकली, कारण गावातल्या बायका पाचही पर्यायांना ‘बरोबर आहे की’ म्हणत होत्या. मग समोर बसून त्यांच्याशी बोललो, तेव्हा कुठे त्यांचं खरं मत कळायला लागलं. सरांच्या घरच्यांना ते लागलं, आणि ती रुखरुख मला अजून आहे. तरी आज पुन्हा वेळ आली तर मी तेच करेन. सरांना माणसं समजून घ्यायची होती, मोजपट्टी सांभाळायची नव्हती. हे मी तेव्हाही सांगत होतो, कुणी ऐकलं नाही.

म्हणून तुला परत सांगतो: प्रश्न मॅडमचा ठेव, उत्तर तुझं येऊ दे. नव्या गाइड मुलाखती घ्यायला सांगतायत, तर घे. त्यात मॅडमचा अपमान कसला? त्यांनी स्वतः तुझ्या प्रत्येक पानावर पेन्सिलने ‘कशावरून?’ लिहून ठेवलंय. त्यातल्या एकाचंही उत्तर न देता ती पानं जपून ठेवणार आहेस?

गाइड बदलाचा अर्ज आधी भर, मुदत बघून घे. मग तिसरं प्रकरण उघड. पहिल्या ‘कशावरून?’ला दोन पानी उत्तर लिहून मला पाठव. चुकलं तरी चालेल, पण तुझं हवं.